सतरा इंची पडद्यावरची पत्रिका

पेणला रामवाडीच्या रस्त्यावर आमचा छापखाना होता. छापखाना म्हणायचं ते जुन्या सवयीनं. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन कधीच भंगारात गेलं होतं आणि त्याच्या जागी एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी, अशी तीन यंत्रं बसली होती. मॉनिटर चौदा इंची. त्यावर लग्नपत्रिका करायची म्हणजे डोक्याला ताप! वरचा गणपती बघावा तर खालचे निमंत्रक पडद्याबाहेर, निमंत्रक बघावेत तर नवरा-नवरी गायब. अख्खी पत्रिका एकदम बघायची म्हटलं की अक्षरांच्या जागी नुसत्या करड्या रेघा. दिवसभर वर-खाली करून माझी मान धरायची. "हा डबा एक दिवस भोगावती नदीत टाकून येते," असं मी आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचे.

"टाक की. पन मोठा घे, गो," मामा म्हणायचे.

मामा म्हणजे माझे सासरे. सगळी हयात त्यांनी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात घालवली. खिळे गेले, तरी त्यांचं एक काम शिल्लक राहिलं होतं आणि ते फक्त त्यांचंच होतं. आमच्याकडे खाडीकाठच्या गावांतून, मिठागरांवरून गिऱ्हाइकं यायची. पत्रिका छापायला जाण्याआधी सगळं घर दुकानात येऊन ती ऐकायचं. हो, ऐकायचं. कितीकांना वाचता येत नसे, आणि पत्रिकेत एखाद्या काकाचं नाव राहिलं तर पुढची दहा वर्षं तो काका दारात पाय ठेवत नसे. मग बाकड्यावर दाटीवाटीनं सगळे बसायचे, मामा खणखणीत आवाजात गणपतीपासून निमंत्रकांपर्यंत पत्रिका वाचायचे, आणि ज्याचं नाव येईल तो हळूच मान डोलवायचा. मामांच्या वाचनासाठी लोक अलिबागचा छापखाना सोडून आमच्याकडे यायचे.

आणि त्याच मामांना अक्षरं दिसेनाशी झाली होती. हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. माझे यजमान रोह्याला कंपनीत, शिफ्टला. ते आधीच अधूनमधून म्हणत, "बाबांनी आता घरी बसावं, आराम करावा." म्हणजे नजरेचं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी मामा ओट्यावर. ओट्यावर बसून रस्ता बघत राहणारी त्यांच्या वयाची माणसं आमच्या आळीत होती, आणि मामांना त्यांची धास्ती वाटायची. त्या बाजूनं जायचंही ते टाळत.

यजमानांच्या कंपनीत ड्रॉइंगच्या खात्याला नवे मॉनिटर आले आणि जुने विकायला काढले. जुने म्हणजे सतरा इंची, चांगले धडधाकट. त्यातला एक आम्हाला मिळाला. यजमानांची शिफ्ट असल्यामुळे आणायला मी जाणार होते. मामा म्हणाले, मीपण येतो. रोह्याच्या स्टँडवर यजमानांनी खोका आमच्या हवाली केला आणि ते पळाले. कंडक्टर म्हणाला, "टपावर टाका." मामा एकदम कडाडले, "तुझ्या आयला टाकशील काय टपावर? मग ह्यो कशाला टाकू?" अख्खी गाडी हसली. लगेजचं तिकीट काढून मामांनी तो धोंडा मांडीवर घेतला. खांब गावाच्या पुढं रस्ता असा की पोटातलं पाणी हलत होतं, पण मामांनी खोक्याला दोन्ही हातांची मिठी मारली होती.

"अक्षर केवढा दिसंल गो यात?" त्यांनी विचारलं.

"मोठं दिसेल की, मामा. केवढा पडदा आहे!"

"व्हय ना? मंग झाला." आणि नागोठण्यापर्यंत ते डोळे मिटून, लेकरू थोपटावं तसे खोका थोपटत बसले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर जोडून देणारा आला, हळद-कुंकू झालं, नारळ बाहेर पायरीवर फुटला आणि पडदा लागला. अहाहा! अख्खी पत्रिका एका नजरेत. गणपती, मुहूर्त, नवरा-नवरी, निमंत्रक, सगळे एकाच मांडवात. कडा तर अशा रेखीव की कोरून काढल्यात. फक्त अक्षरं झाली होती मुंगीएवढी. मी विचारलं तर तो म्हणाला, "ताई, पडद्यावरचे ठिपके वाढले ना. म्हणून सगळं मावतं, पण बारीक दिसतं." मला काय, माझे डोळे तेव्हा शाबूत होते. मी खूश! मामांनी पडद्याला नाक लावलं, बराच वेळ तसेच राहिले आणि म्हणाले, "झकास हाय." मग चहाला जातो म्हणून बाहेर पडले.

ते गेले आणि लगेच, पडद्यावरची पत्रिका ज्यांच्या घरची होती ते गृहस्थ आले. मिठागरावरचे मुकादम. पुतणीचं, थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न. "माझ्या बहिनीचा नाव ऱ्हायलाय, तेवढा घाला," म्हणाले. बहीण विधवा. घरातली काही माणसं म्हणत होती, तिचं नाव शुभकार्याच्या पत्रिकेत नको. पण नवरीची आई लवकर गेली आणि पोरीला वाढवली ती या आत्यानंच. मुकादम सगळ्यांशी भांडून आले होते. मी निमंत्रकांत पहिलंच तिचं नाव घातलं.

तासाभरानं मुकादमांचं सगळं घर गोळा झालं. बाकड्यावर जागा नव्हती, दोघं दारात उभे. आत्याबाई घडीचं लुगडं नेसून पुढं बसल्या होत्या. पडद्याचं तोंड आमच्याकडे, म्हणजे मामांकडे आणि माझ्याकडे. मामा मानेवरचा घाम पुसून बसले आणि वाचायला लागले. काय आवाज! पडदा नवा, पत्रिका पहिली, सगळे तल्लीन. निमंत्रकांशी आले. एकेक नाव घेत शेवटापर्यंत गेले आणि हात जोडून थांबले.

आत्याबाईंचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

"माजा नाव नाय वाचला," आत्याबाई म्हणाल्या. अगदी हळू. मग भावाकडे वळून, "ऱ्हाऊ दे रं. नको तर नको." आणि पदर तोंडाला लावला.

मी पडद्याकडे बघितलं. नाव होतं. लख्ख होतं, पहिलंच. मी मामांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. टाइप करताना मोठ्यानं पुटपुटायची मला खोड आहे. शेजारी बसून मामा ते सगळं ऐकायचे, पाठ करायचे आणि तेच वाचून दाखवायचे. हे नाव टाइप करताना ते चहाला गेले होते. तेव्हा कुठं मला सगळा उलगडा झाला.

"माझ्याकडूनच राहिलं," मी म्हणाले. "थांबा, घालते."

"वयनी, मी सवता येऊन सांगून गेलो ना?" मुकादम भडकले. "तुमचा ध्यान कुठं व्हता? सगळ्यांत भांडून मी तिचा नाव घेतला आनि तुमी पान्यात टाकलात!" आणखी बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. एरवी मी कुणाचं ऐकते होय! पण मामा खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

उगाच दोन-चार बटणं दाबली आणि पत्रिका मोठी करत सुटले. दुप्पट, चौपट, आणखी. शेवटी सतरा इंची पडदाभर आत्याबाईंचं तेवढं एक नाव उरलं, या काठापासून त्या काठापर्यंत.

"मामा, आता वाचा."

मामा वाकले. एकेक अक्षर लावत, पहिलीतल्या पोरासारखं, त्यांनी ते नाव वाचलं. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. मी पडदा उचलून बाकड्याकडे वळवला. आत्याबाई उठून जवळ आल्या. "ह्यो माजा नाव? येवढा?" म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या. मुकादमही त्यांच्यामागं येऊन उभे राहिले.

सगळे गेल्यावर मी मामांवर फाडकन बरसले. "अहो मामा, मला तरी सांगायचं ना! मी काय परकी आहे?"

"घरी बसवाल, गो," ते म्हणाले. इतकंच.

मला रडूच आलं. मीच मग यजमानांना सांगितलं, आणि मामा दुकानातच बसणार हेही सांगितलं. अलिबागच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नाही, उरलेली थेंब घालून जपा. आम्ही जपली. पत्रिका मी अख्खी तपासायची आणि मग मोठी करून एकेक ओळ मामांपुढं सरकवायची. लोक तक्रार न करता बसायचे. पुढच्या वर्षी पडद्यावर ओळ मावेना, एकेक शब्द लागायला लागला. मग शब्दही नको, एकेकच अक्षर. यजमान म्हणाले, एवढा मोठा पडदा आणला तो यासाठी? मी म्हटलं, हो, यासाठीच.

नंतर एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फाल्गुनातल्या लग्नाची पत्रिका होती. मी 'फ' पडदाभर केला. मामांनी काचेवर बोट टेकवलं आणि अक्षराचा काठ चाचपल्यासारखं ते फिरवत राहिले. काळ्यावर नव्हतंच बोट, कोऱ्या जागेवर फिरत होतं.

"ह्यो 'क' हाय ना, गो?"

"व्हय मामा," मी म्हटलं.

"बघ, दिसतंय अजून," ते म्हणाले. "पुढचा आन."

मी पुढचं अक्षर आणलं.