आमच्या गावात एक जण

शोकसभेत मला पहिला राग आला तो फोटोचा. स्टेजवर टेबल, टेबलावर त्याचा फोटो, फोटोला हार, आणि फोटोत तो हसत नव्हता. ज्या माणसाने जळगाव-धुळ्याच्या लोकांच्या पोटात हसवून हसवून कळा आणल्या, त्याचा फोटो असा, जसा काही पोलिसांनी धरून आणलाय आणि भिंतीला उभा करून काढलाय. कुठल्या तरी ओळखपत्रावरचा मोठा करून आणला असेल. मी शेजारच्या रिक्षावाल्याला विचारलं, हा कोण? तो म्हणे, गप बस आबा, सभा चालू आहे.

तो आणि मी, दोघं जळगावजवळच्या असोद्याचे. एका वयाचे, एका वर्गातून एका दिवशी हाकललेले. पुढे रावेरला केळीच्या गाड्या भरायला जायचो. तो घड कमी उचलायचा आणि तोंड जास्त चालवायचा. गाडी भरून झाली की केळीच्या पानांच्या ढिगावर चढायचा आणि मुकादमाची नक्कल करायचा, मुकादमासमोरच. मुकादम हसायचा. मीही हसायचो, तर मुकादम म्हणायचा, तुला काय झालं दात काढायला, आणि हजेरी माझी कापायचा.

मग तो गणपतीत बोलायला लागला, मग लग्नात, मग ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधे, आणि मग गाणी गेली आणि हा एकटाच उरला. नव्वद साल येईपर्यंत त्याच्या कॅसेटी धुळ्याच्या स्टँडवर वाजत होत्या. तो जळगावात मेहरूणला राहायला गेला. मी असोद्यातच राहिलो. मला कोण नेणार?

त्याचा प्रत्येक किस्सा एकाच वाक्याने सुरू व्हायचा: ‘आमच्या गावात एक जण आहे.’ बस. पुढे काय ते माहीत नसताना लोक हसायला लागायचे. बाया पदर तोंडात घालायच्या.

तर तो एक जण म्हणजे मी.

नाव त्याने कधी घेतलं नाही. म्हणे, तुझ्या अब्रूचा प्रश्न आहे. मी म्हटलं, मला अब्रू असती तर तुला धंदा कुठून मिळाला असता? पण नाही घेतलं ते नाहीच. आणि किस्से तर सगळे माझे. पिशवीचाच घ्या. तो किस्सा तिकडे शिरपूरपर्यंत लोकांना पाठ होता. मी सासुरवाडीला, धुळ्याला निघालो होतो. जळगाव स्टँडवर ही गर्दी. गाडी लागली, मी हुशारी केली. जागा धरायला खिडकीतून पिशवी आत सीटवर टाकली. पिशवीत सासूसाठी घेतलेलं लुगडं आणि माझा एकुलता एक चांगला सदरा. मग दाराकडे पळालो, तेवढ्यात गाडी सुटली. गाडी चोपड्याची होती. पिशवी चोपड्याला गेली, बसून, खिडकीजवळ. मी धुळ्याला गेलो, उभ्याने.

असं काही झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढायचो आणि मेहरूणला. तो ओट्यावर दात घासत असायचा. मला पाहिलं की ब्रश तोंडात तसाच ठेवून म्हणायचा, ‘काय केलं रे भो?’ मी सांगायचो. तो हसायचा नाही. हे कोणाला माहीत नाही, मलाच माहीत आहे. ऐकताना तो कधी हसला नाही. डॉक्टर ऐकतो तसा ऐकायचा, मधे मधे विचारायचा. पिशवी कोणत्या रंगाची? कंडक्टर काय म्हणाला? तू गाडीमागे किती पळाला? मी सांगत जायचो आणि माझं मलाच हलकं वाटायचं. मग महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्या तरी मैदानात पुढे बसून मी माझीच पिशवी ऐकायचो. आता त्या पिशवीत कोंबडी असायची. कोंबडी त्याने घातली. चोपड्यापर्यंत ती कोंबडी तिकीट न काढता जाते, आणि कंडक्टर तिच्याशी हुज्जत घालतो. लोक खुर्च्यांवरून खाली पडायचे. मीही पडायचो. घरी आलो की वाटायचं, कोंबडी आपल्याला का सुचली नाही.

आणि हा माणूस पन्नाशीच्या आत मेला. हार्ट. मला आधी न सांगता. राग येणार नाही तर काय येईल.

तर सभा. पुढच्या खुर्च्यांवर पांढरे कपडे. मागे उभे आम्ही, म्हणजे रिक्षावाले, हमाल, स्टँडवरचे पोरं, केळीच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर. त्याचे खरे चाहते ते. प्रत्येकाला सगळं पाठ. मागे कोणी हळूच एक ओळ म्हणायचा, दुसरा पुढची म्हणायचा, तिसऱ्याला हसू फुटायचं, की लगेच एक बिल्ला लावलेला पोरगा येऊन बोट ओठांवर ठेवायचा. हसायचं नाही म्हणे, शोकसभा आहे. अरे, मग तुम्ही कोणाची सभा घेतली? त्याच्यासाठी आम्ही हसायचं नाही तर काय, ऊस चावायचा?

एक पुढारी उठले. म्हणाले, त्यांनी विनोदातून समाजप्रबोधन केलं, पण कधी कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. मी मागून म्हटलं, माझ्या दुखावल्या ना. दर गणपतीत दुखावल्या. बिल्लेवाला आला, बोट ओठांवर. मग त्याच पुढाऱ्यांनी त्याचाच एक किस्सा सांगितला आणि शेवट आधी सांगून टाकला. मागच्या हमालांनी अशी मान खाली घातली जशी कोणी त्यांची गाय मारली.

मग कॉलेजातले सर उठले. सर चांगले बोलतात, मला अर्धं कळतं. ते म्हणाले, त्यांचं ते प्रसिद्ध पात्र, गावातला तो ‘एक जण’, तो खरा कोणी नव्हता. तो कलावंताच्या प्रतिभेतून जन्मलेला होता.

आता हे काय? मी माझ्या आईच्या पोटातून जन्मलो. असोद्याला. सुईण अजून जिवंत आहे.

मला एवढा राग आला की पाय आपोआप चालायला लागले. वीस वर्षं मी पडलो, धडपडलो, गाडी चुकवली, विहिरीत चप्पल टाकून बादली वाचवली, आणि आज मी नव्हतोच? मूर्खपणा केला तो मी, आणि जन्माला आला प्रतिभेतून? माझ्याकडे दुसरं आहे काय? शेत नाही, शिक्षण नाही, दुसरीचं पुस्तक मी पूर्ण पाहिलंसुद्धा नाही. एक येडेपणा तेवढा माझा, तोही हे काढून घेताहेत.

मी स्टेजवर गेलो. बिल्लेवाला म्हणाला, आबा, प्रश्न नंतर. मी माईक धरला. म्हटलं, ‘तो एक जण मीच आहे.’

मागून कोणी तरी ओरडला, ‘मग पिशवीची सांग.’

मी सांगायला लागलो. आणि तुम्हाला सांगतो, देवाने माझी अशी फजिती कधी केली नव्हती. जे माझ्याच अंगावर घडलं ते मला सांगता येईना. सुरुवातच चोपड्यापासून झाली. मग लक्षात आलं, अजून मी जळगावातच आहे, म्हणून मागे आलो. मग लुगड्याचा रंग आठवेना, तिथे थांबलो. एकही माणूस हसला नाही. मग तोच मागचा म्हणाला, ‘कोंबडी कुठंय?’

म्हटलं, कोंबडी नव्हती.

‘कोंबडी नव्हती? मग कंडक्टर कोणाशी भांडला?’

म्हटलं, कंडक्टर भांडलाच नाही, मी त्या गाडीत नव्हतो, मला काय माहीत.

‘मग तू तो नव्हे,’ दुसरा म्हणाला. आणि सगळे आमचेच लोक. ज्यांच्या शेजारी मी वीस वर्षं बसून हसलो, ते रिक्षावाले, ते हमाल. एक म्हणाला, उतरव रे त्याला, त्याच्या नावावर मोठा व्हायला आलाय. दुसऱ्याने मला कोंबडीचा भाग पहिल्यापासून म्हणून दाखवला, अगदी कॅसेटसारखा, श्वासही तिथेच घेतला. माझा किस्सा मला शिकवला.

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकमधे म्हणाले, ह्यांचा दुःखावेग अनावर झाला आहे, समजून घ्या. सगळ्यात जास्त राग मला त्यांचाच आला, कारण ते प्रेमाने म्हणाले.

तेव्हा बायांच्या बाजूला माझी बायको उठली.

ती धुळ्याकडची. एवढ्या वर्षांत तिची अहिराणी, ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘पासून’ला ‘फाईन’ म्हणणं, काही गेली नाही. त्याच्या एकाही कार्यक्रमाला ती कधी आली नाही. गणपतीत भोंग्यावर ‘आमच्या गावात’ एवढं ऐकू आलं की घरात जायची आणि भांडी घासायला घ्यायची, घासलेली असली तरी. आज आली होती ती त्याच्या बायकोसाठी, तिच्याजवळ बसायला. ती उठली, पदर नीट केला, आणि एवढ्या लोकांसमोर, माईक नसताना, म्हणाली:

‘कोंबडी नही व्हती. लुगडं व्हतं. मन्ही मायनं.’ मग माझ्याकडे बोट केलं. ‘आनि हाऊ येडा मना शे. बठ्ठा गावले माहीत शे.’ हा येडा माझा आहे, म्हणे, सगळ्या गावाला माहीत आहे.

आधी एक जण हसला. मग हॉल असा हसला की बिल्लेवाल्यांना कोणाकोणाकडे जावं ते कळेना. त्याची बायको पदरात तोंड लपवून हलत होती, हसत होती की रडत होती ते मला इतक्या लांबून दिसलं नाही. हमालांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली उतरलो. छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू. वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळलं. जाताना रिक्षावाले माझ्याजवळ येतील, चहा पाजतील.

ते आले. सगळे तिच्याजवळ गेले. ‘अक्का, अजून एखादी सांगा ना.’ मी मागे तिची पिशवी धरून उभा.

ती सरळ चालायला लागली. स्टँडपर्यंत मी मागे मागे. असोद्याची गाडी लागलेली होती. बसल्यावर मी म्हटलं, बरं झालं तू बोलली, नाहीतर हे लोक मला काढूनच टाकत होते.

ती माझ्याकडे फिरली आणि मला तिचा चेहरा दिसला. मी दुपारपासून रागात होतो, पण राग कशाला म्हणतात ते मला त्या गाडीत कळलं.

‘लुगडं मन्ही मायनं व्हतं,’ ती म्हणाली. ‘पिशवी कथी शे, मी इचारं. तुमी म्हने हरवनी. बस. दुसरा दिन त्याले जाईसन बठ्ठं सांगं. मले भोंगामाईन कळनं, गावभरना लोकेससंगे. बठ्ठ्या बाया मनाकडे देखेत. एक नही, दरेक गोट. तुमी मले कधीच काही सांगं नही.’

मागच्या सीटवरचा एक म्हातारा ऐकत होता. ऐकू दे. माझी पिशवी तिला गावाबरोबर भोंग्यातून कळली होती. मला वाटायचं, माझ्या मूर्खपणाची तिला लाज वाटते, म्हणून ती भांडी वाजवते. घरात एक ऐकणारं माणूस बसलेलं होतं आणि मी सायकल मारत मेहरूणला जात होतो. ह्याच्यावर तरी त्याने किस्सा करायला पाहिजे होता. पण त्याला हे माहीत नव्हतं, आणि मला तर त्याच्याहूनही कमी माहीत होतं. मला त्याचा राग आला, की मेहरूणला ओट्यावर आता कोणी नाही. मग माझा आला. तो जास्त वेळ राहिला.

गाडी सुटली. जळगाव मागे पडलं. मग मी तिला म्हटलं, अंत्ययात्रेच्या दिवशी काय झालं सांगू का? तिने पिशवी माझ्याकडून घेऊन मांडीवर ठेवली.

मी सांगायला लागलो. की स्मशानात माझ्या हातात पिशवी होती, पिशवीत केळीची फणी. सगळे हात जोडून उभे, आणि मागून एक शेळी आली, आणि तिने पिशवीत तोंड घातलं, आणि मी हात जोडलेले, सोडताही येईना, एक एक केळ जातंय ते नुसतं ऐकू येतंय. आणि समोर तो. केळी घेतली होती ती तो दवाखान्यात आहे असं कळलं होतं म्हणून. पण ते शेळीच्या आधी सांगायचं होतं, मी नंतर सांगितलं. मग आठवलं की दवाखान्याच्या दारात मला कोणी तरी सांगितलं की आता उशीर झाला, ते त्याच्याही आधीचं. सगळं एकात एक झालं. मी परत शेळीवर आलो.

ती खिडकीबाहेर पाहत होती. कपाळावरची आठी तशीच होती.

‘थांबा,’ ती म्हणाली. ‘पहिलेफाईन सांगा.’