बोरी अरबचे चोरखिसे

टेलरच्या दुकानात कपड्यांपेक्षा किस्सेच जास्त साचतात. कपडे निदान गिऱ्हाईक घेऊन जातं. बोरी अरबला करीमचाचांच्या दुकानात मी दुसऱ्या मशीनवर बसायचो. कापसाचे भाव पडले होते ती वर्षं. घरात पैसा कमी, त्यामुळे लपवायची हौस भारी! नवरा-बायको वेगवेगळे यायचे आणि कपड्याला आतून चोरखिसा शिवून मागायचे. "घरी सांगू नका," हे दोघांचंही ठरलेलं वाक्य.

*

पानठेलेवाल्या गजाननच्या बंडीला आम्ही असा खिसा लावला. न्यायला नेमकी त्याची बायको आली. तिनं बंडी उलटी केली, खिशात बोटं घातली. ती शांतपणे म्हणाली, "चाचा, हा थोडा मोठा करा. माया हात नाही जात यात."

*

एका गुरुजींची बायको रोज खिसे तपासायची, म्हणून त्यांनी खिसा लावून घेतला थेट पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीला. सगळा पगार तिथेच. आता कुठंही पैसे द्यायचे म्हणजे आधी आडोशाला जाणं आलं. बाईंना वाटलं, यांना शुगर झाली. त्यांना दारव्ह्याला डॉक्टरकडे नेलं. तपासणीत सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी फी सांगितली, तसे गुरुजी उठले.

"डॉक्टरसाहेब, बाथरूम कुठी आहे?"

*

भाव वाढेल म्हणून लोक कापूस घरातच भरून ठेवायचे. शांताबाईंनी पैशाची पुरचुंडी त्या ढिगात खुपसली आणि मग ती सापडेचना. नवरा कापूस विकायला निघाला, की या दारात आडव्या. "थांबा ना. आखीन वाढन." तो थांबला. बाई एवढ्या खात्रीनं सांगते म्हणून शेजारीही थांबले. आणि भाव खरंच वाढला! पुरचुंडी सापडली तशा त्या म्हणाल्या, "विका आता." सगळ्यांनी विकला, अन् भाव कोसळला.

पुढच्या हंगामात त्या दुकानात आल्या. "चाचा, मले खिसाच शिवून द्या. लोक घरी येऊन भाव इचारून राह्यले."

*

आता खुद्द करीमचाचांचा किस्सा. त्यांना कापडाच्या कडा पक्क्या करणारी इंटरलॉक मशीन घ्यायची होती. ती नसल्यानं गिऱ्हाइकं समोरच्या नव्या दुकानाकडे वळत होती, आणि चाचा मनातून घाबरले होते. साठवलेले पैसे चाचीच्या हाती लागले की घरखर्चात जायचे. म्हणून त्यांनी पेटीतली लग्नाची शेरवानी दुकानात आणली. ती कोण उघडून बघतं!

"अस्तर उसव अन् आतून खिसा लाव. चाचीले मालूम नाही पडलं पाहिजे."

मी अस्तर उसवलं. आत आधीच एक खिसा होता. हातानं शिवलेला, नोटांनी गच्च. मशीन येऊन वर उरतील एवढे पैसे होते. चाचांनी त्या शिलाईवरून बोट फिरवलं. चाचीचा टाका ते ओळखणारच. मला वाटलं, आली मशीन.

चाचांनी नोटा होत्या तशा आत ठेवल्या.

"हे शिवून टाक," ते म्हणाले. "अन् माया खिसा दुसऱ्या बाजूले लाव."