नुसत्या वासाचे गुण

आमचे मित्र शरदराव बायपासनंतर पहिल्यांदाच आमच्या सिंगल माल्ट व्हिस्की चाखून गुण द्यायच्या बैठकीला आले. आता ते यायचेच बंद होतील, ही मला धास्ती होती. "वहिनी, पिणार नाही. वास घेऊन गुण देईन," असं बजावून त्यांनी ग्लास नाकाशी नेला. स्कॉटलंडच्या बेटावरच्या त्या धुरकट व्हिस्कीला आयोडिनचा वास येतो, हे मला तेव्हा आठवलं. सगळ्यांनी आपापले ग्लास खाली ठेवले.

"अहो, हे तर हॉस्पिटल! आत्ताच सुटलोय तिथून. दहापैकी दोन!"

पाण्याचे दोन थेंब पडले की माल्टचा कोंडलेला गंध मोकळा होतो. खोलीतला ताणही तसाच सुटला. मी हसत हसत गुणांच्या तक्त्यात दोन लिहिले.

"पुढचा आणा," शरदराव म्हणाले.