उरलेले पस्तीस व्होल्ट

अर्धा कप चहा समोर आला की ते कपात वाकून बघायचे आणि विचारायचे, "उरलेला कुठी गेला?" चहा देणारी बाई गोरीमोरी व्हायची. तुम्ही म्हणाल, काय हा हावरेपणा. पण ती त्यांच्या धंद्याची खोड होती.

बाभुळगाव रस्त्यावरच्या आमच्या जिनिंगचे ते वायरमन. मी तिथं वजनकाट्यावर बसायचो, माझी आई आत मशीनवर कापूस टाकायची. बोर्डातून दोनशे तीस व्होल्ट निघाले, तर वायर, जोड आणि बल्ब यांनी मिळून दोनशे तीसच खाल्ले पाहिजेत, असा त्यांचा हिशेब. "बेरीज जमली पाह्यजे," म्हणायचे. पुतणीच्या लग्नात जिलब्यांची बेरीज जमवायला गेले, तेव्हापासून व्याही त्यांच्याशी बोलत नव्हते.

त्या वर्षी कापसाचा भाव रोज उतरत होता. गाड्यांची रांग फाटकातून पार रस्त्यावर गेलेली, आणि उद्या आणखी कमी मिळेल या धास्तीनं कोणी जागचं हलत नव्हतं. दुपारी ते शेडमधून मीटर घेऊन माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला होता. बोर्डावर दोनशे तीस होते, वायरीच्या दुसऱ्या टोकाला, बल्बांपाशी, एकशे पंच्याण्णव. करंट मात्र दोन्ही टोकांना सारखाच, सहा अँपिअर, म्हणजे वीज बाहेर गळत नव्हती. पस्तीस व्होल्ट वाटेतच कुठंतरी खर्च होत होते.

"पस्तीस गुणिले सहा," ते हळूच म्हणाले. "शंभराचे दोन बल्ब कापसात पुरून ठेवलेत असं समज."

ती वायर कापसाच्या गंजीमागून जात होती.

त्यांनी मेन स्विच ओढला आणि बायांना बाहेर काढलं. आई पदर झटकत बाहेर आली तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला, खोटं कशाला सांगू. मॅनेजर धावत आला. फाटकावरची माणसं आत घुसली. धूर नाही, वास नाही, मग मशीन कायले बंद केली, म्हणून शिव्या सुरू झाल्या. ते स्विचला पाठ लावून उभे राहिले. आधी गंजी उपसा, मग मले मारा, एवढंच म्हणाले. शेवटी त्याच माणसांनी कुरकुरत टोपली धरली.

तळाशी जोडावरची टेप वितळली होती. भोवतीचा कापूस काळा पडलेला, आणि मधे मूठभर जागा लाल. हवा लागताच ती लाली पसरू लागली. त्यांनी तेवढा कापूस उघड्या हातांनी ओढून पाण्याच्या बादलीत बुडवला. हाताला हळद आईनं लावली.

यंदा ते गेले. पुण्यानुमोदनाच्या सभेत जो तो उठून त्यांच्याबद्दल चांगलं बोलला. आई जन्मात कधी चार माणसांपुढं बोलली नव्हती. ती उठली, काठी टेकत फोटोपाशी गेली.

"त्या दिवशी आम्ही चवदा बाया आत गेलतो," ती फोटोला म्हणाली. "चवदाच्या चवदा घरी आलो. बेरीज जमली, भाऊ."