मुलाच्या खोलीतला लॅपटॉप

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक चोऱ्या आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणती सायकल कोणत्या ठाण्याची, विचाराल तर सांगता येणार नाही. रायपूरच्या समता कॉलनीतल्या त्या लॅपटॉपचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं समोर उभं राहतं. मुद्देमाल तसा क्षुल्लक होता. ज्याची खरी काळजी करायला हवी होती, ते फिर्यादीत लिहिलेलंच नव्हतं.

मी मूळचा विदर्भातला, पण सगळी नोकरी छत्तीसगडात गेली. तिकडे ठाण्याच्या प्रमुखाला 'टीआय साहेब' म्हणतात. एके दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी रोजनामचा चाळत होतो, तेव्हा एक वयस्कर मराठी जोडपं आत आलं. नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला. त्यांचा एकुलता एक मुलगा काही महिन्यांपूर्वी नवा रायपुरच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. त्याचा लॅपटॉप त्याच्या खोलीतून नाहीसा झाला, अशी तक्रार होती. बोलत होती ती आईच.

"साहेब, लॅपटॉप जुनाच आहे. त्याचं काही नाही. पण त्याच्यात माह्या पोराचा आवाज आहे. मले तेवढा आणून द्या."

मुलगा मुलाखतींची तयारी करताना स्वतःचीच चित्रफीत काढत असे. कॅमेऱ्यासमोर टाय लावून बसायचं, साहेबांना नमस्कार करायचा, आपली ओळख सांगायची, मनातल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. अशा कितीतरी फिती त्यात होत्या. आई नागपूरला आजारी बहिणीकडे गेली होती. परत येऊन पाहते तर टेबल रिकामं.

कुलूप तुटलेलं नव्हतं, कडी जागेवर होती. घरात येणारं-जाणारं एकच माणूस होतं, कामवाली बाई. वडिलांनी जबाबात एवढंच सांगितलं, की मी बाजारात गेलो असताना घरात बाई एकटी होती. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. इतका सरळ जबाब समोर आला की तपास आपसूक उताराला लागतो.

बाईला बोलावलं. ती जवळच्याच एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत राहायची. पन्नाशीची, छत्तीसगढी बोलणारी, कपाळावर गोंदण. महिला आरक्षक, म्हणजे तिकडची शिपाई, शेजारी बसवून मी विचारपूस केली. चोर माणूस विचारल्यापेक्षा जास्त बोलतो, असा माझा अनुभव आहे. ही बाई एकच वाक्य म्हणत होती.

"मैं चोरी नइ करे हंव, साहेब."

मी तिला घरी पाठवलं, पण नाव संशयितात राहिलं. ठाण्याची गाडी तिला न्यायला पाऱ्यात गेली होती, तेवढं लोकांना पुरलं. कॉलनीत ती आणखी ज्या दोन घरी काम करायची, त्यांनीही तिला 'उद्यापासून येऊ नको' म्हणून सांगितलं. नळावरच्या बायका तिची घागर आली की आपली उचलून बाजूला होऊ लागल्या. हे मला आमच्या महिला आरक्षकाने सांगितलं. जामीन मिळतो, खटल्यातून सुटका होते, पण गरिबाच्या नावाला एकदा चोरीचा डाग लागला की तो धुवायला कोणी साबण देत नाही. त्या बाईपाशी नावाखेरीज होतं काय?

मग एक दिवस आई धापा टाकत ठाण्यात आली. तिला एक फोन आला होता. एका अनोळखी मुलीने विचारलं होतं, "काकू, तुमच्याकडचा लॅपटॉप हरवला आहे का?"

मी त्या मुलीला बोलावून घेतलं. ती मूळची यवतमाळची, नवा रायपुरच्या एका कार्यालयात नुकतीच कंत्राटावर लागलेली. नवा लॅपटॉप परवडत नव्हता, म्हणून शहरातल्या एका दुकानातून जुना स्वस्तात घेतला होता. ती टेबलावर लॅपटॉप ठेवून मला नीट समजावून सांगू लागली.

"दुकानदाराने त्यात विंडोज टाकून दिलं होतं सर, पण ते चोरीचं. दर तासाला पडदा काळा व्हायचा. म्हणून मी ठरवलं, आपणच फुकटातली सिस्टीम पेन ड्राईव्हवर घेऊन टाकू. त्यासाठी मशीन चालू होताना एक बटण दाबून आतल्या सेटिंगमध्ये जावं लागतं. तिथे खाली हे दिसलं."

तिने बटण दाबून दाखवलं. साध्या काळ्या पडद्यावर तळाशी बारीक इंग्रजी अक्षरं होती. मुलाचं नाव, त्यापुढे 'सापडल्यास आई', आणि एक मोबाईल नंबर.

"आतलं सगळं पुसून टाकलं तरी हे कसं राहिलं?" मी विचारलं.

"हे डिस्कवर नसतंच सर. मशीनच्या आतल्या चिपमध्ये असतं. डिस्क कितीही वेळा फॉरमॅट करा, याला धक्का लागत नाही. मी आधी दुर्लक्ष करणार होते. पण कोणी 'आई' लिहून नंबर ठेवला असेल तर फोन न करता राहवलं नाही."

आई शेजारीच उभी होती. तिने एकच विचारलं, "आणि त्याचा आवाज?"

मुलीने मान खाली घातली. डिस्क पूर्ण पुसून तिच्यावर नवी सिस्टीम चढली होती. आमच्या सायबर शाखेनेही नंतर हात टेकले. आई बाकावर बसली ती बराच वेळ उठली नाही.

आता दुकानदार. माल कुठून आणला विचारलं तर गडी तयारीत होता.

"भनपुरी के लॉट का माल है सर। ट्रांसपोर्ट में दफ्तरों के पुराने लॅपटॉप आते हैं, हम थोक में उठाते हैं।"

भनपुरीच्या गोदामांतला तसला माल मी पुष्कळ पाहिला होता. कंपन्या लॅपटॉप भंगारात काढताना डिस्क काढून घेतात आणि चार्जरचं गाठोडं वेगळं येतं. या लॅपटॉपबरोबर त्या मुलीला घरी शिवलेली कापडी पिशवी मिळाली होती. थोकाच्या मालाला आईच्या हातची पिशवी कोण देतं? मी दुकानदाराला बसवलं, चहा सांगितला आणि काहीच विचारलं नाही. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसवत नाही. त्याने कप तोंडाला लावला तेव्हा मी म्हणालो, "पासवर्ड किसने खोला?"

कप खाली आला.

"एक अंकल आए थे सर। पासवर्ड खुद डाला। आईडी मांगा तो बोले, लाया नहीं। सस्ते में दे रहे थे, मैंने ले लिया। गलती हो गई।"

"और क्या बोले?"

"बोले, मेरे सामने सब साफ करो, फिर नया विंडोज डालो, तब जाऊंगा। मैंने कहा, अंकल, टाइम लगेगा, घूम आओ। नहीं गए। स्टूल पर बैठे देखते रहे। पूरा हो गया तो उठे, लॅपटॉप को हाथ लगाकर माथे से लगाया और चले गए। पैसे भी नहीं गिने।"

मी लिहिता लिहिता थांबलो. आपल्याकडे माणूस जुनी स्कूटर विकतो तेव्हाही गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली देताना हँडलला हात लावून नमस्कार करतो. वर्षानुवर्षं दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहिलेलं असतं, झेंडूची माळ घातलेली असते. अशी वस्तू घरातून जाताना हात आपोआप कपाळाकडे जातो. चोराला वस्तूची माया नसते, आणि तो दुकानात स्टूल टाकून बसत तर मुळीच नाही. ज्याने त्या लॅपटॉपला नमस्कार केला, त्याच्याच घरातला तो होता.

वडिलांना मी ठाण्यात बोलावलं, ते एकट्यालाच. दुकानदाराने दारातून पाहून 'हेच' म्हणून मान हलवली. मी दार लावून घेतलं आणि आमच्या बोलीतच विचारलं, "काका, काहून विकला?"

त्यांनी आधी चष्मा काढून पुसला.

"साहेब, ती दिवसभर त्या खोलीत बसून राहे. तो पडद्यावर म्हणे, 'गुड मॉर्निंग सर', आन ही इकडून म्हणे, 'बस बेटा'. मी जेवाले हाक मारली का म्हणे, हळू बोला, त्याचा इंटरव्ह्यू चालू आहे. मले वाटलं, पोट्टा गेला, आता हीही हातची चालली. फेकाची हिंमत नाही झाली. म्हटलं, कोणा लेकराच्या कामी येईन."

मी बाप आहे. मला त्यांचा राग येईना, आणि तरी तो येणं भाग होतं.

"आन बाईचं नाव आलं तेव्हा? तुम्ही याच टेबलाशी बसले होते."

"वाटलं, पोलीस दोन दिवस विचारतीन आन सोडून देतीन."

"तिचं काम सुटलं, काका. पाऱ्यात तिले चोर म्हणून राहिले लोकं. अठरा-वीस वर्षं तुमच्या घरात भांडी घासली तिने."

ते हात जोडून म्हणाले, "मी तिले पैसे देतो, दुसरं काम पाहून देतो. तुम्ही फक्त चोर सापडला नाही म्हणून लिहा. बायकोले समजलं तर ती माह्या तोंडाकडे पाहाची नाही."

आमच्याकडे फाईल बंद करायच्या दोन वाटा असतात. चोर सापडला नाही तर 'खात्मा'. गुन्हा घडलाच नाही तर 'खारजी'. त्यांना खात्मा हवा होता. त्यात सगळ्यांचं भलं होतं, एक ती बाई सोडून. खात्मा लागला की चोर मोकळा फिरतोय असं होतं, आणि चोर कोण हे पाऱ्याने केव्हाच ठरवलं होतं. मी स्पष्ट सांगितलं, की मी खारजीच लिहिणार. घरी तुम्ही स्वतः सांगा, नाहीतर संध्याकाळी मी वर्दीत येऊन सांगेन.

त्यांनी सांगितलं. त्या घरात त्या दिवशी काय झालं, मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी दोघंही ठाण्यात आली. आईचे डोळे सुजलेले होते, पण आवाज स्थिर होता. लॅपटॉप आणलेली मुलगीही जबाबावर सही करायला आली होती; आई तिला म्हणाली, "तुह्याजवळच ठेव. त्याच्यावर तुझं काम कर." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, मले तिच्या घरी घेऊन चला."

ज्या गाडीने बाईला नेलं होतं, त्याच गाडीने, भर दिवसा, नळाला पाणी आलेलं असताना मी त्यांना पाऱ्यात घेऊन गेलो. गाडीतून उतरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की त्या घरात चोरी झालीच नव्हती, वस्तू मालकानेच विकली होती, या बाईचा काही संबंध नाही. नळावरच्या एका म्हातारीने आपली घागर सरकवून जागा केली.

वडील दाराबाहेर मान खाली घालून उभे राहिले. आईने बाईचा हात धरला, माफी मागितली आणि हिंदीत म्हणाली, "कल से काम पर आ जा।"

बाईने हात सोडवून घेतला नाही. पण तिने नकारार्थी मान हलवली.

"काम मैं अउ कहूं कर लेहूं, दीदी। बाबू ला मैं गोदी म खेलाए हंव। मोला ओकर एक ठन फोटो दे देबे। मोर करा एको ठन नइ हे।"

त्या बोलीतलं आईला सगळं कळलं. काम मी दुसरीकडे करेन, पण बाळाला मी मांडीवर खेळवलंय. मला त्याचा एक फोटो दे, माझ्याजवळ एकही नाही. पोर गेल्यावर घरात सगळे भेटायला आले, रडले, आणि ही बाई आलेल्यांचे कप विसळत राहिली. तिला कोणी दोन शब्द विचारले नव्हते. आई फक्त "हव", म्हणजे हो, एवढंच म्हणाली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

खारजी मंजूर झाली. या प्रकरणाने मला शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. आम्ही पंचनाम्यात घरातून काय गेलं ते लिहितो, आणि ज्याने फिर्याद दिली त्याचंच गेलं असं धरून चालतो. त्यानंतर कोणत्याही घरी चोरीच्या तपासाला गेलो की मी कामवालीला आधी खाली बसवत असे, आणि 'तू घेतलंस का' हे विचारण्याआधी 'या घरातलं तुझं काय गेलं' हे विचारत असे. त्या घरातून मुलगा तिघांचा गेला होता. फिर्याद एकीची होती, आणि संशयित म्हणून आम्ही तिसरीला ठाण्यात बसवलं होतं.