अक्षता पडायच्या आधी

गेल्या उन्हाळ्यात पाथर्डीकडच्या एका गावात आम्ही लग्न थांबवलं. नवरी नववीतली. मांडवात आरडाओरडा चालला होता तेव्हा ती आतल्या खोलीत बसून होती. हळदीच्या अंगानंच तिला गाडीत घातलं आणि नगरला बालकल्याण समितीपुढे आणलं.

आमची टीम म्हणजे पोलिसताई, बालसंरक्षण अधिकारी साहेब, ग्रामसेवक आणि मी, समुपदेशक. एरवी आमचं काम म्हणजे बारभाईची खेती. त्या दिवशी मात्र कुणी कुणाच्या पायात पाय घातला नाही. पोलिसताईंनी आईबापाचे जबाब घेतले, साहेबांनी त्यांना समज दिली, ग्रामसेवकांनी वयाचा दाखला आणला. मी तिच्या पुणतांब्याच्या मावशीला फोन करकरून पोरीला ठेवून घ्यायला राजी केलं. दुपारी समितीनं तसा आदेश वाचून दाखवला, अगदी शुद्ध सरकारी मराठीत. आम्ही वडापाव मागवले, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.

पोरगी बाहेर बाकावर. तिच्यापुढचा वडापाव तसाच.

"भेदरलीय," पोलिसताई म्हणाल्या.

"रुसलीय. लग्न मोडलं ना आपण," साहेब म्हणाले.

"धक्का बसलाय. वेळ द्या तिला," मी म्हणाले. मी शिकलेली ना! माझं निदान सगळ्यांना पटलं आणि मलाही बरं वाटलं.

पुणतांब्याला जायला गाडी लागली तेव्हा मी बाकावर तिच्याशेजारी बसले. "बाळा, सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाहीस. खा की थोडं."

"न्हाई मॅडम. अक्षता पडंस्तवर नवरीनं काई खायचं नसतं. आई म्हनली." मग हळूच, "लगीन हितंच लावनार का तुमी?"

मी पोलिसताईंकडे पाहिलं. त्यांनी साहेबांकडे. साहेबांनी माझ्याकडे.

"मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल," साहेब म्हणाले.

नाव, शाळा, जन्मतारीख तिला आम्ही सगळ्यांनी विचारली होती. सांगितलं कुणीच नव्हतं. आणि पोरीशी बोलणं हे तर माझंच काम. त्याचाच मला पगार मिळतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. भर मे महिन्यात ती त्या बाकावर उपाशी, तहानलेली, न झालेल्या लग्नाची वाट बघत बसली होती आणि आतून आमचं हसणं तिला ऐकू येत होतं.

"लग्न होणार नाही बाळा," मी म्हणाले. "मोडलं ते. तू मावशीकडं राहून शाळेत जायचंस."



"मंग पानी पिऊ मी?"