मोटर बघायला आलेला माणूस

"तात्या, तुमचा तो जेलचा पिक्चर आणलाय."

"भित्तीला भोक पाडत्यात त्यो?"

"तोच."

"लाव. पर त्यो दुसरा सुटून गाडीत बसला का बंद करायचा. शेवट नगं."

सोपानतात्या माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पाटाच्या पाण्यावरून बाचाबाची झाली, तात्यांच्या हातचं फावडं बसलं, समोरचा माणूस गेला. जन्मठेप भोगून ते अंथुर्ण्याला परतले. जेलात पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायला शिकले, पण आमच्या गावात कुणी त्यांना मोटरीला हात लावू देत नाही.

हा पिक्चर त्यांनी आत असताना पाहिला होता, बराकीतल्या टीव्हीवर, हिंदीतून. दोन कैदी, जिवाभावाची दोस्ती. एक पळतो, दुसरा शिक्षा संपवून सुटतो आणि त्याला शोधत समुद्रावर जातो. शेजारी मानसिंग बसला होता, लोणी भापकर गावचा. पिक्चर संपल्यावर तो म्हणाला, "सोप्या, आपल्याकडं समुद्र न्हाय. माझ्या हिरीवर जांभळ हाय. आधी सुटंल त्यानं तितं वाट बघायची."

आधी मानसिंग सुटला.

तात्या सुटले तसे थेट लोणी भापकरला गेले. जांभळीखाली कुणी नव्हतं. घराशी गेले, तर ओसरीवर मानसिंगच्या लेकीला, राजेश्वरीला बघायला पाव्हणे आलेले. दारात नवा माणूस दिसला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला.

"पाव्हणं कुठलं? कुणाचं कोण?"

तात्या तोंड उघडणार, तेवढ्यात मानसिंग म्हणाला, "मोटर बघायला आलेत. चला मिस्त्री, हिरीकडं."

मोटर धडधाकट होती. तरी तात्यांनी ती खोलली, पुसली, पुन्हा बसवली. चहा विहिरीवरच आला.

"पर कपबशी पाव्हण्यांचीच हुती बरं का," हे तात्या दरवेळी सांगतात.

राजेश्वरीचं लग्न जमलं, आणि तात्या कायमचे मिस्त्री झाले. महिन्या-दोन महिन्यांनी मानसिंगचा फोन यायचा, "मिस्त्री, मोटर बंद पडलीया." तात्या पान्हा घेऊन एसटीनं बारामतीला, तिथून लोणी भापकरला. वायर मानसिंगनंच सैल केलेली असायची. दुरुस्तीला जेवढा वेळ लागेलसा वाटतो, तेवढा वेळ दोघं जांभळीखाली बसायचे. तिथं सोप्या आणि मान्या. ओसरीसमोरून जाताना पुन्हा मिस्त्री आणि साहेब.

"हे काय तात्या? अजून लपवायचं?"

"त्यो आत हुता हे लेकीच्या सासरी ठावं न्हाय. कळलं तर तिला बोल लागंल. आन् मला दुसरं कोण बोलवतंय, सांग की."

मी लॅपटॉपच्या पडद्याकडं वळले.

पिक्चरमधला म्हातारा सुटला, गाडीत बसला. मी थांबवायला हात पुढं केला आणि तात्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर कायम चालू.

"मिस्त्री, लोणी भापकरनं बोलतोय."

तात्या उठूनच उभे राहिले. "बोला साहेब! निघू का?"

"नगं. जावयानं सोलर बसवून दिला. गॅरंटी हाय. कंपनीची माणसं येत्यात बघायला."

"जुनी मोटर?"

"भंगारात घातली."

"आन् जांभळ?"

पलीकडं कुणीतरी खोकलं. मग मानसिंग म्हणाला, "पॅनलवर सावली पडत हुती."

"बरं केलं साहेब. सावली नगंच."

"काय लागलं तर... न्हाय, आता काय लागायचं न्हाय, मिस्त्री."

फोन बंद झाला. तात्यांनी तो सदऱ्याला पुसला, खिशात ठेवला.

"जावई शेजारी बसला असंल," ते म्हणाले. "न्हाय तर सोप्या म्हणला असता."

मी लॅपटॉप मिटायला घेतला.

"ऱ्हाऊ दे. फुडं चालू कर."

"शेवट? तुम्हाला तर..."

"तवा नीट ऐकलं न्हाय. त्यो तितं पोचल्यावर आधी पळालेला त्येला काय म्हणून हाक मारतो, बघू दे."